पृष्ठताण पृष्ठाला समांतर का असतो? रेणूंच्या पातळीवरचे स्पष्टीकरण हवे आहे

पृष्ठताणाविषयीची एक मूलभूत शंका वाचन करूनही सुटलेली नाही, म्हणून ती जाणकारांपुढे मांडत आहे.

नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की द्रवाच्या आतील रेणूला सर्व बाजूंनी सारखेच आकर्षण जाणवते, परंतु पृष्ठावरील रेणूच्या वर शेजारी जवळपास नसल्यामुळे त्याच्यावरील एकूण बल आत, म्हणजे खालच्या दिशेने असते. द्रव आपले क्षेत्रफळ कमीत कमी का ठेवू पाहतो आणि लहान थेंब गोल का होतो, हे त्यावरून पटते. मात्र पृष्ठताण तर पृष्ठाला समांतर असतो. मग खाली खेचणाऱ्या आकर्षणातून आडवा ताण निर्माण कसा होतो? शिवाय पृष्ठावरील रेणूवर खरोखरच असंतुलित बल असेल, तर स्थिर पाण्यातही तिथला थर सतत आत ओढला जायला हवा, आणि तसे होत नाही.

ताण आडवा असतो, हे डोळ्यांना दिसते. ताटलीतल्या पाण्यावर टाल्कम पावडर भुरभुरवून एका कडेला साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला, की तिथला ताण घटतो आणि सगळी पावडर क्षणार्धात समोरच्या कडेकडे खेचली जाते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तरीही अलगद आडवी ठेवलेली बारीक सुई बुडत नाही. तिरप्या उजेडात पाहिल्यास तिच्या दोन्ही बाजूंना पाणी खाली वाकून झालेला उथळ खळगा स्पष्ट दिसतो.

ऊर्जेच्या अंगाने गणित जुळते. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो आणि तोच आकडा एक चौरस मीटर नवे पृष्ठ तयार करायला लागणारे कार्य ज्यूलमध्ये सांगतो. पण त्यातून यंत्रणा कळत नाही. ताणलेल्या रबराची उपमा तर मला दिशाभूल करणारीच वाटते, कारण रबर जितके ताणावे तितका ताण वाढतो, तर द्रवाचे पृष्ठ वाढवले तरी आतले रेणू वर येऊन ताण तेवढाच राहतो.

माझा अंदाज असा आहे की रेणूंमधील प्रतिकर्षणामुळे उभ्या दिशेत समतोल साधला जातो, आणि पृष्ठाला समांतर दिशेत मात्र आकर्षण वरचढ राहते. हे बरोबर असेल, तर प्रतिकर्षण आडव्या दिशेतही आकर्षणाला तितकेच का निष्प्रभ करत नाही? कृपया शक्य तितके सविस्तर समजावून सांगावे. आकृती किंवा समीकरणे दिली तरी चालतील.