जेई (जपानी) मेंदूज्वरात आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी): द्यायचं का, आणि हिशेब कसा?

कृष्णाकाठ, सांगली
समजा, शिराळ्याकडून 20 किलोचं मूल ताप, झटके, गुंगी घेऊन मिरजेला आलं आणि मणक्यातल्या पाण्यात जेईचं आयजीएम (संसर्गात आधी बनणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह निघालं. नातेवाईक हटून बसतात, "अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं म्हणे, तेवढं द्या." दिल्याने खरंच फरक पडतो का? वेस्ट नाईलवर (जेईच्या भाऊबंद विषाणूवर) वाचलंय, पण त्यातलं बरंचसं उंदरांवरचं.

अर्धविराम, मिरज
फरक पडतो असं सिद्ध झालेलं नाही. घोडं अडतं ते वेळेपाशी. आयजीएम पॉझिटिव्ह येतं म्हणजे शरीराने स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला घेतल्यात आणि विषाणू तोवर मेंदूच्या पेशींत शिरलाय. त्यात आयजीजीचा (बाटलीतल्या अँटिबॉडीचा) रेणू मोठा, रक्तातून मेंदूत अगदी थोडाच झिरपतो. रेबीजचं सीरम चालतं, कारण ते जखमेतच भरतात, विषाणू नसेत चढण्याआधी.

उंदरांत वेस्ट नाईलविरुद्धच्या ई-16 या मोनोक्लोनलचा (एकाच साच्यातल्या अँटिबॉडीचा) एकच डोस पाचव्या दिवशी देऊनही बहुतेक उंदीर वाचले होते. माणसांवरची चाचणी मात्र पुरेसे पेशंट न मिळाल्याने थांबली. इस्रायली दात्यांच्या प्लाझ्मातली, वेस्ट नाईलविरुद्ध तगडी आयव्हीआयजीसुद्धा अमेरिकेत 62 पेशंटांवर साध्या आयव्हीआयजी किंवा सलाईनपेक्षा सरस ठरली नाही. नेपाळमध्ये जेईच्या 22 मुलांवर प्रयोग झाला, पण तो देणं जमतं का एवढंच बघण्याइतका छोटा.

लॅबवाली, सातारा
द्यायचं ठरलंच तर आधी नमुने काढा! बाटलीत हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात. नंतर घेतलेल्या रक्तात डेंग्यू, जेई, काहीही आयजीजी पॉझिटिव्ह दिसेल आणि निदानाचा बोजवारा उडेल. रक्त आणि मणक्यातलं पाणी दोन्ही, 2 ते 8 अंशांवर जेल पॅकमध्ये. पहिल्या तीन-चार दिवसांत आयजीएम निगेटिव्ह आलं तर जेई नाही असं समजू नका, दहाव्या दिवसाच्या आसपास परत पाठवा.

ठिबक, सांगली
हिशेब असा: 400 मिग्रॅ प्रतिकिलो, रोज, 5 दिवस. 20 किलोला रोज 8 ग्रॅम, म्हणजे 5 टक्क्यांच्या द्रावणाचे 160 मिली. 5, 2.5 आणि अर्ध्या ग्रॅमच्या बाटल्या मिळाल्या तर बरोबर बसतं. नुसत्या 5 ग्रॅमच्या असतील तर रोज 2 ग्रॅम फुकट जातात, आणि हे औषध स्वस्त नाही.

बाटली हलवायची नाही, फेस येतो. गोठलेली तर फेकूनच द्या. पहिला अर्धा तास ताशी 10 मिली, मूल शांत असेल तर मग दुप्पट. हुडहुडी भरली की थांबवा, बीपी बघा, मग निम्म्या वेगाने. दोन दिवसांत डोकं दुखून मान ताठली तर ती आयव्हीआयजीची करामतही असू शकते. मेंदूज्वराच्या पेशंटमध्ये हे ओळखणं महाकठीण.

गोवराची लस अकरा महिने पुढे ढकलायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहा. हमखास राहतं.

कृष्णाकाठ, सांगली
आणि हर्पीसवरचं अ‍ॅसायक्लोविर?

अर्धविराम, मिरज
ते पहिल्या दिवसापासून, हर्पीसचा पीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत. तासाभरात सावकाश, भरपूर पाण्यासोबत, नाहीतर मूत्रपिंडात औषधाचे स्फटिक धरतात. आयव्हीआयजीही मूत्रपिंडावरच बसते, त्यामुळे दोन्ही चालू असताना क्रिएटिनिन रोज. बाकी, जेईतून सावरत आलेलं मूल काही आठवड्यांनी पुन्हा बिघडलं, हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर एनएमडीए अँटिबॉडी (शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध बनवलेल्या) तपासा. तिथे आयव्हीआयजी खरोखर कामाची.