'अटेंशन': लक्ष की अवधान?

प्रश्न: मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'अटेंशन'ला पाठ्यपुस्तकी शब्द 'अवधान'. पण बोलताना तो कोण वापरतं? सरळ 'लक्ष' लिहिलं तर चालेल का?

— अवधान अगदीच मेलेलं नाही हो. चूक झाली की 'अनवधानाने झाली' म्हणतोच की आपण. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. आणि 'सावधान' म्हणजे तरी काय, स + अवधान. मैदानावर पीटीचे सर आणि मांडवात गुरुजी, दोघंही तेच ओरडतात.

— सावधानचं पटलं. तरी माझं मत 'लक्ष'ला, त्याच्या क्रियापदांमुळे. लक्ष आपण 'देतो', पण ते 'जातं' आपोआप. वाचनात लक्ष दिलेलं असतं, स्वयंपाकघरात भांडं पडलं की तिकडे गेलंच. मेंदूविज्ञानातही हा भेद आहे. कॉर्बेटा आणि शुलमन यांनी 2002 मध्ये मेंदूतली दोन जाळी मांडली: एक ठरवून रोख धरणारं, दुसरं अचानक काही घडलं की तिकडे वळवणारं, मुख्यतः उजव्या अर्धगोलातलं. 'माझं अवधान गेलं' म्हणून बघा, जमतंय का!

तिसरं 'लक्ष ठेवणे', म्हणजे दुधावर ठेवतो ते. बराच वेळ काहीच घडत नाही, घडेल तेव्हा मात्र चुकता कामा नये. रडारवर बसणाऱ्यांचं असंच. त्यांच्यासाठी मॅकवर्थने 1948 मध्ये एक चाचणी मांडली. घड्याळासारखा काटा टप्प्याटप्प्याने सरकतो, क्वचित दुप्पट उडी मारतो, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटायला लागल्या. (आमचं दूध पाच मिनिटांत उतू जातं, पण त्यात मोबाइलचा हात.)

अनुवादात एक जपा: 'लक्ष ठेवणे' आणि 'लक्षात ठेवणे'. एका 'त'ने गाडी थेट स्मरणशक्तीत शिरते.

— 'लक्ष'च लिहिते मग. पण लेखात पुढे 'निग्लेक्ट' आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेला रुग्ण ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवतो, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच. मी 'दुर्लक्ष' लिहिलंय.

— दुर्लक्ष नको. 'मुलांकडे दुर्लक्ष केलं' म्हटलं की ठपका येतो. या माणसाचे डोळे शाबूत असतात, ताटाला डावी बाजू आहे हेच त्याला जाणवत नाही. 'डाव्या बाजूचं भान हरपणं' लिहा. ताट फिरवून दिलं की चटणीही खातो बिचारा.