ठाणे सोडून रत्नागिरीत कायमचे राहायला जावे का?

कासारवडवलीकर

आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. आम्हा नवराबायकोचे काम घरूनच चालते, मुलगी चौथीत आहे आणि आई आमच्याजवळ असते. पुढच्या वर्षी रत्नागिरीला कायमचे राहायला जावे, असे माझे ठाम मत आहे. ठाण्याला अजूनही स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरच्या योजनेखेरीज स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून मिळेल त्या पाण्यावर शहर चालते, आणि तरीही आमच्या रस्त्यावर नवे टॉवर उभे राहतच आहेत. उन्हाळ्यात पहाटे सोसायटीच्या फाटकातून टँकरची जाड नळी आत ओढलेली असते आणि तिच्यावरून पाय उचलून टाकत आई फिरायला बाहेर पडते. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, त्यामुळे गायमुख घाटात एखादा बंद पडला की सगळा रस्ता खोळंबतो. २०११च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, तर रत्नागिरीची सुमारे ७६ हजार. १८२८ पासूनचे नगर वाचनालय, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, नाट्यगृह आणि मिरकरवाड्याची ताजी मासळी ज्या शहरात आहे, तिथे आपल्यासारख्या कुटुंबाला कशाची उणीव भासावी?

नेरुळस्थित रत्नागिरीकर

माझे सारे बालपण रत्नागिरीत गेले, म्हणूनच स्पष्ट विरोध नोंदवते. आपण ज्या शहराचे वर्णन केले आहे, ते दिवाळी ते होळी या काळातले आहे. जूनपासून पुढे चार महिने कपडे वाळत नाहीत, दप्तराला आणि चपलांना बुरशी येते, आणि वादळी पावसात वीज गेली की ती कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. घरून काम करणाऱ्याने हा विचार आधी केला पाहिजे. इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई भासतेच. प्रकृतीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. तरी गुंतागुंतीच्या उपचारांसाठी आजही अनेकांना आंबा घाट ओलांडून कोल्हापूर गाठावे लागते. आमच्या वर्गातली बहुतेक मुले शिक्षण संपताच पुण्या-मुंबईला गेली, ती हौसेने गेली नाहीत. आपली मुलगीही आठ-दहा वर्षांनी त्याच वाटेने परत येईल. पाण्याचाच त्रास असेल तर नवी मुंबईचा विचार करावा. इथल्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे.

कोपरखैरणे गावठाण

दोघांनीही एक बाजू सोडली, ती तिथे आधीपासून राहणाऱ्यांची. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठी आमच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. खाडीतली मासेमारी आणि भातशेती आमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत संपली. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आपण रत्नागिरीला राहायला जाण्यात सक्तीचे संपादन नाही, हे मला मान्य आहे. पण ठाण्यातला फ्लॅट विकून आलेला माणूस भाट्ये किंवा मिऱ्या परिसरात जो भाव सहज देऊ शकतो, तो तिथल्या शिक्षकाला किंवा खलाशाला परवडत नाही. शांतता हवी म्हणून जाणारे पुरेसे झाले की स्थानिकांना स्वतःच्याच गावात घर घेणे अशक्य होते, आणि याची जबाबदारी जाणाऱ्यावरही येते.

कासारवडवलीकर

कोपरखैरणेच्या मित्रांचा मुद्दा मी गांभीर्याने घेतो. आम्ही जमीन घेणार नाही. शहरातच जुन्या इमारतीत भाड्याने राहणार आहोत. नेरुळच्या ताईंशी मात्र माझा मतभेद कायम आहे. शिकलेल्या प्रत्येकाने बाहेरच पडायचे ठरवले, तर तिथे चांगला डॉक्टर आणि चांगला शिक्षक टिकणार कसा? घरून काम करणारी काही कुटुंबे पगार घेऊन तिथे राहिली, त्यांनी मुले तिथल्या शाळेत घातली, खर्च तिथे केला, तर शहराला त्याचा उपयोगच होईल. कोकण रेल्वे आहे. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी ठाण्याला थांबते, म्हणजे संपर्क तुटत नाही.

नेरुळस्थित रत्नागिरीकर

गणपतीत त्या गाड्यांची प्रतीक्षायादी पाहून मग संपर्काविषयी बोलावे. आणि डॉक्टर टिकावेत म्हणून आधी घरातल्या वृद्ध व्यक्तीला तिथे न्यायचे, हा क्रम मला मान्य होण्यासारखा नाही.

तलावपाळी

एवढ्या चर्चेत आईंना काय हवे, हे कोणी विचारलेलेच नाही. उतारवयात माणसाला ओळखीचा वाणी, ओळखीचा डॉक्टर आणि बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण लागते. ठाण्यात गडकरी रंगायतनपासून कौपिनेश्वर मंदिरापर्यंत ज्येष्ठ मंडळी रोज आपापल्या ठिकाणी भेटतात. कासारवडवलीत आईंना असा सहवास आहे का, की टँकरच्या फाटकाबाहेर त्या एकट्याच फिरतात?

कासारवडवलीकर

एकट्याच फिरतात. त्यांचे माहेर रत्नागिरीजवळ आहे, धाकटी बहीण अजून तिथेच राहते, आणि स्थलांतराचा विषय प्रथम त्यांनीच काढला. त्यांच्या रक्तदाबाचे आणि साखरेचे उपचार तिथे नियमित होऊ शकतात, याची चौकशी मी केली आहे. जूनमध्ये जाऊन पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढायचा आणि तोवर ठाण्याचे घर विकायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.