भारी दुकानातलं चिकन: पैसे सुरक्षिततेचे की एसीचे?

रस्सावाटी: पुण्या-मुंबईच्या भारी दुकानांत थाळीवर प्लास्टिक ताणलेलं चिकन कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरपेक्षा बरंच महाग असतं, तरी लोक डोळे झाकून घेतात. हा विश्वास लख्ख फरशीवर आहे, मांसावर नाही. कोपऱ्यावर कोंबडी समोर कापतात, दोन तासांत ती पातेल्यात. जंतूंना वाढायला सवड कुठे?

थंडगार: समोर कापली म्हणजे स्वच्छ कापली असं नाही. पिसं सैल व्हावीत म्हणून जिथे बुचकळतात ते गरम पाणी कितीदा बदलतात? पिसं उपटणाऱ्या ड्रममधली रबरी बोटं एकीची घाण दुसरीला फासतात. लाकडी ओंडक्याच्या खाचांत ओल मुरते, ती घासून निघत नाही. नीट कारखान्यात कोंबडी कापल्यावर तिचं धड ४ अंशांपर्यंत थंड करतात. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू ५ अंशांखाली जवळपास वाढत नाही.

रस्सावाटी: कारखान्यात ४ मान्य. दुकानात किती? रात्री फ्रीज बंद केला तर कुणाला कळणार?

मापकाटा: कळतं, पण दारावरच्या आकड्यावरून नाही, तो आतल्या हवेचा. लेझरची बंदूक तर फक्त प्लास्टिकचं तापमान सांगते. दोन पाकिटांमध्ये काडीचा थर्मामीटर दाबून दोन-तीन मिनिटं थांबा. उघड्या फ्रीजमध्ये माल भरायची एक रेषा असते, तिच्या वर रचलेली पाकिटं थंड झोताबाहेर असतात. ती घेऊच नका, खालची मागा. पाकीट फुगलं असेल तर परत ठेवा. गोठवलेल्या पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल बहुधा मध्येच वितळून पुन्हा गोठलाय. तळाशी लालसर पाणी दिसतं ते मात्र रक्त नव्हे, मांसातून सुटलेलं पाणी. त्याला उगाच घाबरतात लोक.

रस्सावाटी: एवढा खटाटोप करायचा तर जास्तीचे पैसे कशाचे? आपल्याला वास कळतो.

थंडगार: वास कुजवणाऱ्या जंतूंचा येतो. आजारी पाडण्याइतका साल्मोनेला असूनही मांस ताजं वाटू शकतं. तुमच्या नाकाचा भरवसा आणि त्यांच्या फरशीचा, दोन्ही सारखेच.

मापकाटा: लेबलांचंही तेच. ‘अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री’ म्हणजे औषध दिलंच नाही असं नव्हे. कापण्याआधी ठरावीक दिवस बंद ठेवलं की अंश मर्यादेखाली उतरतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ पासून बंदी आहे, पण बाकीची औषधं आहेतच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक परवाना सांगतो, आज सकाळच्या गाडीतलं तापमान नाही.

रस्सावाटी: मग घरी आणून नळाखाली खळखळून धुतलं की झालं!

थंडगार: नको! शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर.

रस्सावाटी: बरं, हळद-मीठ लावून तासभर?

मापकाटा: फ्रीजमध्ये ठेवा, चवीला उत्तम. जंतू मारायला मात्र शिजवताना ७४ अंश हवेत, तेही मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला टोक न लावता मोजलेले.