एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांशी काय काय ठरवून घ्यावे?

विचारणा : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ३३ असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. पाळीच्या वेळच्या तीव्र वेदना मला शाळकरी वयापासून आहेत. आधी "लग्न झाले की थांबेल" आणि नंतर "मूल झाले की थांबेल" असे सांगितले गेले. मुलगी झाली, ती आता शाळेत जाते, आणि वेदना मात्र वाढतच गेल्या. आता कळा पाळीपुरत्या उरलेल्या नाहीत. पाळीच्या दिवसांत शौचाला बसणे नकोसे होते, संबंधांच्या वेळी आतून दुखते, आणि सलग दोन तासिका उभे राहून घेणे जमत नाही.

हा एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर सुमारे ५ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (या आजारात जुने रक्त साठून होणारी गाठ) दिसली आणि एमआरआयमध्ये गर्भाशयाच्या मागे, गुदाशयाला चिकटून असलेली एक कडक गाठ आढळली. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घेऊन दुखणे काहीसे उतरले, परंतु अधूनमधून रक्तस्राव होत राहिला आणि मन फार उदास राहू लागले, त्यामुळे डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती पुढील महिन्यात पुण्यात होईल. दुसरे मूल हवे की नको हे आम्ही ठरवलेले नाही. घरातील थोरली मंडळी मात्र "एक मूल आहे, आता पिशवीच काढून टाक, कायमची सुटशील" असे म्हणतात. त्यांच्या बोलण्यात काळजीच आहे हे मला कळते, पण ते योग्य आहे का हे कळत नाही. त्या दिवसापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे आणि शरीराची तयारी कशी करावी, हे अनुभवी व जाणकार व्यक्तींनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : जुई

ताई, माझी अशीच शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या प्रकरणात सिस्टपेक्षा गुदाशयाजवळची गाठ अधिक महत्त्वाची आहे, आणि बहुतेक प्रश्न तिच्याभोवतीच विचारायला हवेत. ती गाठ आतड्याच्या भिंतीवरून केवळ तासून काढता येईल, भिंतीची एक चकती कापावी लागेल, की आतड्याचा तुकडा काढून दोन टोके जोडावी लागतील, याचा अंदाज एमआरआय पाहून आधीच बांधता येतो. तो अंदाज डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत ऐकून घ्या. आतड्यावर काम होण्याची शक्यता असेल तर आतड्याचे शल्यविशारद त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात उपस्थित असतील, की गरज पडल्यास त्यांना बोलावले जाईल, हा फरक फार मोठा आहे. काही वेळा जोड भरून येईपर्यंत शौचाचा मार्ग काही आठवडे पोटावर काढावा लागतो. ही शक्यता तुमच्या बाबतीत किती आहे, हेही विचारा, कारण शुद्धीवर आल्यावर ती गोष्ट प्रथमच समजणे फार कठीण जाते.

दुसरे म्हणजे मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली आहे ना, ते पाहा. खोलवर पसरलेला एंडोमेट्रिओसिस मूत्रवाहिनीला बाहेरून आवळू शकतो आणि त्यात मूत्रपिंडाला सूज आली तरी कित्येकदा काहीच दुखत नाही.

तिसरे ए.एम.एच. चाचणीचे, म्हणजे अंडाशयातील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीचे. चॉकलेट सिस्टचे आवरण सोलून काढले, तर ती फक्त रिकामी करण्याच्या तुलनेत पुन्हा होण्याचा संभव कमी असतो, पण आवरणाबरोबर अंडाशयाचा थोडा निरोगी भागही जातो आणि बीजांचा साठा घटतो. दुसऱ्या मुलाचा निर्णय झालेला नसल्यामुळे ही चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावी आणि आकडा कमी असेल तर वंध्यत्वतज्ज्ञांचे मत आधीच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता पिशवीविषयी. गर्भाशय काढले की पाळी थांबते, हे खरे आहे, परंतु गुदाशयावरची गाठ गर्भाशयात नसते, त्यामुळे ती आतच ठेवून केवळ पिशवी काढली तर शौचाच्या वेळचे दुखणे राहू शकते. सोबत दोन्ही अंडाशयेही काढली तर तेहतिसाव्या वर्षी रजोनिवृत्ती येते आणि हाडे व हृदय यांच्यावर त्याचे परिणाम होतात. गर्भाशयाच्या स्नायूतच आजार असेल आणि मूल नको असेल, तर हा पर्याय काही जणींना खरोखर उपयोगी पडतो, पण तो स्वतंत्रपणे विचार करून घ्यायचा निर्णय आहे. आपल्या राज्यात पिशवी काढण्याचा सल्ला किती सहज दिला जातो, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या बाबतीत सर्वांनी पाहिले आहे. २०१९ साली सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली होती.

प्रतिसाद : भूलतज्ज्ञ

मी भूलशास्त्राचा व्यवसाय करतो, म्हणून केवळ शरीराच्या तयारीविषयी लिहितो. अंतिम सूचना आपल्या डॉक्टरांचीच मानावी.

सर्वप्रथम हिमोग्लोबिन. अंगावरून जास्त जाणाऱ्या स्त्रियांमध्ये ते अनेकदा १२ च्या खाली असते आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात ते लक्षात आले, तर गोळ्यांनी भरून काढायला वेळ उरत नाही. आपल्याकडे महिनाभराचा अवधी आहे, त्यामुळे तपासणी आताच करावी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. कमतरता मोठी असेल तर शिरेतून लोह देण्याचा पर्याय उपलब्ध आहे.

आपण घेत असलेले प्रत्येक औषध भूलपूर्व तपासणीत सांगावे, आणि त्यात काढे, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा यांसारख्या गोष्टीही याव्यात. 'ते तर आयुर्वेदिक आहे' म्हणून अनेक जण त्यांचा उल्लेख करत नाहीत, परंतु त्यांतील काहींचा रक्त गोठण्यावर किंवा भुलीच्या औषधांवर परिणाम होऊ शकतो. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या वेदनाशामक गोळ्या कधी थांबवायच्या, हेही विचारून घ्यावे. या गोळीबाबत २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने तीव्र ॲलर्जीच्या दुर्मीळ प्रतिक्रियेचा इशारा दिला होता, तेव्हा ती घेतल्यावर पुरळ आणि ताप आल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. थायरॉइडची गोळी असल्यास ती सामान्यतः सकाळी घोटभर पाण्यासोबत घेता येते.

उपाशी राहण्याबाबत फार गैरसमज आहेत. जेवण आणि दुधाचे पदार्थ साधारणपणे सहा तास आधी थांबवतात आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा हा पाण्यात मोजला जात नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. आतडे साफ करण्याचे औषध दिले असेल तर वेळापत्रक निराळे असू शकते.

दीर्घकाळ वेदना सोसलेल्या व्यक्तीच्या मज्जासंस्थेची संवेदनशीलता वाढलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे तिला अधिक जाणवू शकते. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. "मला कित्येक वर्षांचे दुखणे आहे, तर नंतरच्या वेदनेसाठी काय योजना आहे?" असे भूलतज्ज्ञांना थेट विचारावे, म्हणजे आम्हालाही वेगवेगळ्या औषधांची सांगड आधीच घालता येते. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. त्याने घाबरून जाऊ नये. लवकर उठून चालल्याने पायांतील रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी होतो.

प्रतिसाद : वकिली चष्मा

जुईताईंनी मांडलेल्या पिशवीच्या मुद्द्याला कायद्याची भक्कम बाजू आहे आणि ती या आजाराशीच निगडित आहे. दिल्लीतील एका अविवाहित स्त्रीला दुर्बिणीने केवळ तपासणी करण्यासाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन एंडोमेट्रिओसिसच्या कारणावरून तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती ठरत नाही, आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असेल तर जिवाला तातडीचा धोका नसताना नातेवाइकांची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, स्ट्रेचरवर बसून वाचू नका. त्याची प्रत आधी मागा आणि ज्या भाषेत नीट समजते त्या भाषेत समजावून घ्या. 'आवश्यक वाटेल ती शस्त्रक्रिया' असा मोघम मजकूर असेल तर त्यासोबत आपली इच्छा लेखी नोंदवायला सांगा : गर्भाशय काढू नये, अंडाशय वाचवण्याचा प्रयत्न व्हावा, आतड्याचा तुकडा काढण्यास संमती आहे किंवा नाही. चांगले डॉक्टर याने दुखावत नाहीत. मेडिक्लेम असल्यास पॉलिसीतील प्रतीक्षाकालाच्या यादीत एंडोमेट्रिओसिस आहे का, हेही पाहा. पुष्कळ पॉलिसींमध्ये तो असतो आणि कॅशलेस नाकारले गेल्यावरच लोकांना ते कळते.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे सर्व प्रश्न लिहून घेऊन गेले होते. आतड्याचे शल्यविशारद सुरुवातीपासून उपस्थित राहतील आणि बहुधा तासून काढण्यावर भागेल, असे त्यांनी सांगितले. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि ए.एम.एच. लिहून दिले. हिमोग्लोबिन ९.८ आले आहे, त्यामुळे शिरेतून लोह देण्याचे ठरले. संमतीपत्रात पिशवीविषयीची नोंद करण्यास त्यांनी लगेच होकार दिला, आणि ते ऐकल्यावर सासूबाईंनीही तो विषय थांबवला. एवढे विचारायचे राहिले : शाळेत किती रजा टाकावी, आणि हा आजार पुन्हा होतो का?

प्रतिसाद : जुई

आतड्याचा तुकडा काढावा लागला नाही तर साधारण दोन ते तीन आठवडे, आणि काढावा लागला तर दीड महिन्याच्या आसपास रजा धरा. दिवसभर उभे राहणे आणि वह्यांचे गठ्ठे उचलणे हे बैठ्या कामापेक्षा जड आहे, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात बद्धकोष्ठ फार त्रास देते, तेव्हा शौच मऊ होण्याचे औषध घरी जातानाच मागून घ्या. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत उलट्या, लघवी न होणे, पोटरीला सूज किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली पाळी बरीच दुखू शकते. त्यावरून शस्त्रक्रिया फसली, असा निष्कर्ष काढू नये.

आजार पुन्हा होऊ शकतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांमध्ये तो परतल्याचे नमूद आहे. लगेच मूल नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर हार्मोनचे उपचार चालू ठेवल्याने हे प्रमाण कमी होते. डायनोजेस्टने तुमचे मन उदास होत होते, तेव्हा हार्मोनयुक्त तांबी किंवा दुसरी गोळी चालेल का, हे घरी सोडण्यापूर्वीच ठरवून घ्या. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचे टिपण, शक्य असल्यास चित्रफितीसह, स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ते सर्वांत आधी हेच मागतील.