कॅन्सरनंतरचा व्यायाम आणि आजार उलटणं: जुन्या नोंदींवरून अभ्यास करताना काळ कुठून मोजावा?

टिपणवही
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवर अभ्यासाचा आराखडा करतोय. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं, म्हणजे परत येण्याचं, प्रमाण कमी असतं का, हा प्रश्न. दर फेरतपासणीला व्यायामाची माहिती विचारलेली आहे. शस्त्रक्रियेनंतर कधीही सलग तीन महिने व्यायाम केला असेल तर 'व्यायाम गट', बाकीचे दुसऱ्या गटात, आणि दोन्हींचा काळ शस्त्रक्रियेपासून मोजायचा असं ठरवलं होतं. चाचपणीत फरक इतका मोठा आला की विश्वास बसत नाही. चूक कुठे आहे? आणि रुग्ण किती लागतील?

कोहोर्ट
चूक गट पाडण्यात आहे. दोन वर्षांनी व्यायाम सुरू करणारा माणूस ती दोन वर्षं जगलेला असणारच, आणि तो सगळा काळ तुम्ही व्यायामाच्या खात्यात जमा करताय. चौथ्या महिन्यात ज्याचा आजार उलटून सगळं थांबलं, तो आपोआप दुसऱ्या गटात पडतो. व्यायामाचा परिणाम शून्य असला तरी या मांडणीत तो गुणकारीच दिसेल.

सोपा उपाय म्हणजे लँडमार्क पद्धत. समजा शस्त्रक्रियेनंतरचा १२वा महिना ठरवला. त्या दिवशी जिवंत आणि आजारमुक्त असलेलेच घ्या, त्याआधीच्या नोंदींवरून गट पाडा आणि काळ त्या दिवसापासून मोजा. नंतर कुणी व्यायाम सुरू केला किंवा सोडला तरी गट बदलायचा नाही. ही तारीख निकाल बघण्याआधी लिहून ठेवा, आणि ६ व १८ महिन्यांवर तेच गणित पुन्हा करून बघा.

तुमच्याकडे दर भेटीची नोंद आहे, तेव्हा याहून चांगलं म्हणजे व्यायाम हा काळानुसार बदलणारा घटक धरून कॉक्स मॉडेल (घटना घडण्याच्या वेगावर कशाचा किती परिणाम होतो ते मोजणारं गणित) करा. एका रुग्णाच्या अनेक ओळी होतात, प्रत्येक ओळ दोन भेटींमधल्या काळाची. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हायव्हल पॅकेजमधलं टीमर्ज (tmerge) हे फंक्शन अशा ओळी पाडायचं काम करतं. ओळीत त्या काळाच्या सुरुवातीला माहीत असलेलाच व्यायाम भरा, शेवटी कळलेला नाही.

उत्तररात्र
हे सगळं केलं तरी उलटा कार्यकारणभाव उरतो. आजार परत येत असतो, स्कॅनमध्ये अजून दिसत नाही, पण माणूस थकतो आणि चालणं कमी करतो. म्हणून व्यायामाची नोंद ६ महिने मागची वापरा. ऑक्झालिप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे पाय बधिर झालेले किती, स्टोमा (मलासाठी पोटावर केलेली वाट) कुणाला, केमो पूर्ण कुणाची झाली, धूम्रपान, मधुमेह, आजाराचा टप्पा, ही माहिती नसेल तर अभ्यासाला हात घालू नका.

आणि एवढं करूनही निरीक्षणावरून 'व्यायामामुळे' असं लिहू नये. आहारातून बीटा-कॅरोटीन (गाजरातला, 'अ' जीवनसत्त्व देणारा घटक) जास्त घेणारे लोक निरीक्षणांत कॅन्सरपासून सुरक्षित दिसत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त.

तुमच्या मूळ प्रश्नाला २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज चाचणीने उत्तर दिलं आहे. ८८९ रुग्ण, केमोनंतर चिठ्ठीने दोन गट, एकाला तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची छापील माहिती. पाच वर्षांनी आजारमुक्त ८०.३ विरुद्ध ७३.९ टक्के, आठ वर्षांनी जिवंत ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. लक्ष्य होतं आधीपेक्षा आठवड्याला १० मेट-तास (श्रमाचं एकक; तासभर स्वस्थ बसणं म्हणजे एक) जास्त, म्हणजे साधारण पाऊण ते एक तास भरभर चालणं, तीन-चार वेळा. व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही जास्त होत्या, १८.५ विरुद्ध ११.५ टक्के. माझ्या मते तुमच्या नोंदींची खरी किंमत पुढच्या प्रश्नात आहे: एवढा व्यायाम कुणाला जमत नाही, तो कोणत्या महिन्यात सुटतो आणि कशामुळे.

मापतोल
रुग्णांपेक्षा घटना मोजा. हझार्ड रेशो ०.७५ पकडायचा (म्हणजे व्यायाम गटात आजार उलटण्याचा वेग पाऊणपट), ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता), दुहेरी ५ टक्के पातळी (फरक नसताना कुठल्याही बाजूला तो दिसण्याची शक्यता), दोन्ही गट सारखे, तर आजार उलटण्याच्या सुमारे ३८० घटना लागतात. चारांपैकी एकाचाच आजार उलटत असेल तर १,५०० च्या वर रुग्ण झाले. व्यायाम करणारे २० टक्केच असतील तर घटनाच ५९० च्या आसपास हव्यात. वयस्कर रुग्णांत इतर कारणांनी होणारे मृत्यू वेगळे धरा, कारण त्यांना नुसतं 'गळालेले' (पुढची माहिती न मिळालेले) मानलं की कॅप्लान-मायर ही काळानुसार प्रमाण काढायची नेहमीची पद्धत आजार उलटण्याचं प्रमाण फुगवून दाखवते.

जीवनमानाची प्रश्नावली वापरणार असाल तर न आलेले फॉर्म आधी बघा. जास्त आजारी लोक फॉर्म भरत नाहीत, मग कुणीही बरं न होता सरासरी सुधारते. फॉर्म का आला नाही याचा रकाना त्याच दिवशी भरून घ्या. वर्षभराने विचारलं तर कुणालाच आठवत नाही.

टिपणवही
१२व्या महिन्याआधी आजार उलटलेल्यांना सरळ वगळायचं का?

कोहोर्ट
या विश्लेषणातून हो, पण त्यांची संख्या आणि आजाराचे टप्पे वेगळ्या तक्त्यात द्या. निष्कर्षाच्या वाक्यातही 'वर्षभर आजारमुक्त राहिलेल्यांसाठी' हे शब्द हवेतच. तुमचा निकाल तेवढ्यांनाच लागू आहे.