मदत हवी आहे: लेबलवाले व्हिडिओ कमी, मॉडेल फसतंय

मंडळी, रावेरहून विचारतोय. केळीच्या बागेतली कामं व्हिडिओवरून ओळखायचं मॉडेल करतोय, घड कापणं, पिलं काढणं, केळफूल मोडणं वगैरे. लेबल केलेल्या, म्हणजे कोणतं काम चाललंय ते लिहिलेल्या, क्लिपा कामामागे जेमतेम ३०, बिनलेबलच्या ढीगभर, आणि लेबल लावायला मी अन् काकांचा पोरगा, तोही दुपारी झोपतो. कायनेटिक्स या माणसांच्या क्रियांच्या व्हिडिओसंग्रहातल्या ४०० क्रियांवर शिकलेलं मॉडेल फाइनट्यून केलं, म्हणजे आमच्या क्लिपांवर पुढे शिकवलं, तर आमच्या बागेत झकास, शेजारच्या बागेत नेलं की घड कापणाऱ्यालाही पिलं काढतोय म्हणतं. मला वाटतं ते हात बघतच नाही, मागचं ठिबक नि माती बघून ठरवतं. शिवाय एकाच व्हिडिओचे तुकडे ट्रेन (शिकवायच्या) नि टेस्ट (तपासायच्या) अशा दोन्ही क्लिपांत गेलेत, त्यामुळेही आमच्या बागेत झकास दिसलं असेल, ती चूक माझीच. आता बिनलेबल क्लिपांवर व्हिडिओ-एमएईसारखं (व्हिडिओचे झाकलेले भाग ओळखायला लावून) आधी शिकवू का माणसाच्या सांगाड्याचे, म्हणजे सांध्यांचे, पॉइंट काढू? पानांत अर्धा माणूस दिसतच नाही हो, आणि मॉडेल शिकवायला लागणारा जीपीयूपण (वेगवान गणिताची चिप) फुकटवालाच आहे.